स्पोर्ट्स कार परवडते ती कोणाच्या खिशातून?

मुंबई-पुण्याच्या सुस्थित वर्गात एक हौस हळूहळू मूळ धरू लागली आहे. रोजच्या वापराची मोटार घरात असतेच. तिच्या जोडीला केवळ सुटीच्या दिवशी भटकण्यासाठी एखादी जुनी स्पोर्ट्स कार घ्यावी, अशी ही हौस. पोर्शेची बॉक्स्टर, बी.एम.डब्ल्यू.ची झेड-फोर, ऑडीची टी.टी. अशा गाड्या आठ-दहा वर्षे वापरून झाल्या की पहिल्या किमतीच्या मानाने पुष्कळच उतरलेल्या भावाने बाजारात येतात. त्या निवडताना तीन कसोट्या लावल्या जातात : गाडी परवडणारी असावी, सुखद असावी आणि फुरसतीच्या सफरीला साजेशी असावी. सफर म्हटली की नजर वळते ती कोकणाकडे. मालवण, तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ले, देवगड ही नावे या हौसेच्या नकाशावर ठळक अक्षरांत लिहिली जातात.

या प्रकाराकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा समाजवादी कार्यकर्त्यांत आढळतात. पहिली तऱ्हा सोवळी आहे. मोटार, त्यातही दोन आसनांची, त्यातही मौजेसाठी, म्हणजे चंगळवादाचा कळस, असे म्हणून ती नाक मुरडते आणि विषय संपवते. दुसरी तऱ्हा शरणागतीची आहे. काळ बदलला, ज्याच्यापाशी पैसा आहे तो खर्च करणार, त्यातून सिंधुदुर्गाला चार पैसे मिळाले तर बिघडले कोठे, असे म्हणून ती गप्प बसते. पहिलीला मौजेचे मोल कळलेले नाही आणि दुसरीने त्या मौजेचा हिशेब कधी मांडलेला नाही. म्हणून ज्या तीन कसोट्यांवर ही गाडी निवडली जाते, त्याच कसोट्या घेऊन हा व्यवहार तपासणे आवश्यक आहे.

मौज हे पाप नव्हे

प्रथम सोवळेपणाचा समाचार घेतला पाहिजे. फुरसत ही श्रीमंतांची मक्तेदारी असावी हा विचार समाजवादाचा नाही. तो गिरणीमालकांचा होता. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची सुटी नव्हती, तेव्हा सत्यशोधक चळवळीत घडलेले नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि रविवारच्या सुटीसाठी वर्षानुवर्षे झगडा दिला. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांना ती मागणी मान्य करावी लागली. आज ज्या रविवारी एखादा गृहस्थ आपल्या गाडीचे छत उघडून समुद्राच्या दिशेने निघतो, तो रविवार कामगारांनी मिळवलेला आहे. आठ तासांच्या दिवसासाठी 1886 साली शिकागोत रक्त सांडले, तेही उरलेल्या तासांत माणसाने माणसासारखे जगावे, हिंडावे, वाऱ्यावर बसावे यासाठीच.

तेव्हा समुद्रकाठच्या रस्त्यावरून निरुद्देश भटकण्याची इच्छा ही निषेधाची बाब होऊच शकत नाही. वळणावळणाचा रस्ता, एका अंगाला माडांची रांग, दुसऱ्या अंगाला पाणी आणि हातात वेळ, याचा आनंद खरा आहे. तो आनंद कोण घेतो, कोणाच्या खर्चाने घेतो आणि कोणाला तो नाकारला जातो, हा वादाचा विषय आहे.

परवडणे म्हणजे काय?

पहिली कसोटी परवडण्याची. मूळ किंमत एक कोटी रुपये असलेली गाडी पाच-सात वर्षांनी निम्म्याहून कमी किमतीत मिळते आणि घेणाऱ्याला आपण मोठी काटकसर केली असे वाटते. ही किंमत उतरली कशी, याचा विचार तो करीत नाही. अशा पुष्कळ गाड्यांचा पहिला मालक ही व्यक्ती नसतेच. ती एखादी कंपनी असते. गाडी धंद्याच्या कामासाठी वापरली असे हिशेबात दाखवले की आयकर कायद्याप्रमाणे तिच्या उरलेल्या किमतीवर दरवर्षी 15 टक्के घसारा खर्च म्हणून वजा करता येतो. एक कोटीच्या गाडीचे उदाहरण घ्यावे. पाच वर्षे पूर्ण दराने घसारा धरला तर वहीतील किंमत सुमारे 44 लाखांवर येते, म्हणजे सुमारे 56 लाख रुपये नफ्यातून वजा होतात. कंपनीवरील कराचा दर अधिभार धरून सुमारे 25 टक्के मानला, तरी जवळजवळ 14 लाख रुपयांचा कर सरकारी तिजोरीत येत नाही.

घसारा ही धंद्यातील रास्त वजावट आहे. गिरणीच्या यंत्राला, मालवाहू ट्रकला ती मिळालीच पाहिजे, कारण त्यांच्या झिजेतून उत्पादन होते. दोन आसनांच्या शर्यतबाज गाडीच्या झिजेतून कोणते उत्पादन होते? कुडाळहून मालवणला रोज दुचाकीने कामावर जाणारा पगारी नोकर आपल्या दुचाकीच्या झिजेबद्दल वेगळी वजावट मागू शकत नाही. दोन्ही चाके एकाच डांबरावर झिजतात. एका झिजेचा भार समाज उचलतो, दुसरीचा भार ज्याचा त्याने सोसायचा असतो.

हे असे नेहमीच होते असे मात्र नाही, आणि कार्यकर्त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. 28 फेब्रुवारी 1975 नंतर खरेदी केलेल्या परदेशी बनावटीच्या मोटारीवर घसारा मिळणार नाही, अशी तरतूद भारताच्या आयकर कायद्यात होती. पर्यटकांना भाड्याने देण्याचा धंदा करणाऱ्यांसारखे मोजके अपवाद होते. 1 एप्रिल 2001 पासून घेतलेल्या गाड्यांना हे बंधन उरले नाही. म्हणजे सव्वीस वर्षे या देशाचा कायदा असे मानत होता की परदेशी मोटार हवी असेल तर घ्यावी, पण तिच्या झिजेचा भार सार्वजनिक तिजोरीवर टाकू नये. ही कल्पना कोणा अतिरेकी डाव्यांची म्हणून उडवून लावता येणार नाही. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया हे तर भांडवलशाहीचे देश. तेथेही मोटारीवरील घसाऱ्याला कमाल मर्यादा आहे आणि तिच्यापलीकडची ऐट मालकाने स्वतःच्या खिशातून भागवायची असते. भारताने मात्र होते ते कुंपण काढले आणि नवे घातले नाही.

आता कराची दुसरी बाजू पाहावी. जुनी गाडी विकणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्यावर वस्तू व सेवा कर आहे. डिसेंबर 2024 मध्ये जेसलमेर येथे झालेल्या परिषदेच्या बैठकीत सर्व जुन्या गाड्यांसाठी त्याचा दर 18 टक्के ठरला. परंतु हा कर गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही, व्यापाऱ्याच्या खरेदी-विक्रीतील फरकावर आहे. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला खाजगीरीत्या गाडी विकली तर तोही नाही. याच्या शेजारी एसटीचे तिकीट ठेवून पाहावे. एसटीच्या प्रवासी उत्पन्नावर राज्य शासन 17.5 टक्के प्रवासी कर घेत आले आहे, आणि तो नफ्यावर नाही, फरकावर नाही, प्रवाशाने दिलेल्या भाड्यावर आहे. मालवणच्या बाजारातून मासळीची पाटी रिकामी करून घरी परतणारी बाई शासनाला जो कर देते, त्याचा दर चाळीस लाखांच्या मौजेच्या गाडीवर नफा कमावणाऱ्या व्यापाऱ्याच्या दराशी जवळजवळ बरोबरी करतो. मार्च 2023 पासून महिलांना एसटीत निम्मे भाडे झाले, हे स्वागतार्हच आहे. परंतु जानेवारी 2025 मध्ये एसटीची भाडेवाढ झाली ती 14.95 टक्क्यांची, आणि जून 2025 मध्ये निघालेल्या शासकीय श्वेतपत्रिकेने एसटीचा संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर असल्याचे मान्य केले. ज्या सेवेवर कराचे ओझे लादायचे, तिलाच तोट्यातील सेवा म्हणून हिणवायचे, हा न्याय अजब म्हटला पाहिजे.

राहिला घेणाऱ्याच्या स्वतःच्या खिशाचा प्रश्न. तेथे ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ ही म्हण शब्दशः खरी ठरते. गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. रुंद टायर, मोठ्या थाळ्यांचे ब्रेक, छत उघडणारी यंत्रणा, यांचे भाव मूळ गाडीच्या श्रेणीप्रमाणेच मोजावे लागतात. जुन्या गाडीच्या कर्जाला नव्या गाडीपेक्षा व्याज अधिक. एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षे झालेल्या मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क 5,000 रुपये झाले आणि आयात केलेल्या मोटारीचे 40,000. मालवणच्या खाऱ्या हवेत पत्र्याला आणि विजेच्या जोडण्यांना गंज चढतो तो निराळाच. ज्याला हे सारे परवडते त्याला काटकसर हा शब्द वापरण्याचे कारण नाही. ज्याला परवडत नाही तो कर्जाच्या खाईत उतरतो आणि त्याची फुरसत हप्त्यांच्या पायी गहाण पडते.

सुख रस्त्यावर असते, आसनात नव्हे

दुसरी कसोटी सुखाची. गाडी निवडताना आसनाची ठेवण, धक्के शोषणारी यंत्रणा, आतला निवांतपणा यांची बारकाईने चौकशी होते. परंतु स्पोर्ट्स कारचे पोट जमिनीपासून साधारण दहा ते तेरा सेंटिमीटरच उंच असते. रस्ते परिषदेच्या प्रमाणाप्रमाणे बांधलेला गतिरोधकच मुळी दहा सेंटिमीटर उंचीचा. आणि गावोगावचे गतिरोधक प्रमाण पाहून बांधले जातात असे कोणी छातीठोकपणे म्हणणार नाही. सिंधुदुर्गात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जांभ्याच्या कापावरून वाहत येणारे पाणी पावसाळ्याच्या चार महिन्यांत डांबर उखडून टाकते. तेथे लाखो रुपयांच्या गाडीचे सुख एका खड्ड्याच्या दयेवर अवलंबून असते. वेगाची गोष्ट तर बोलायलाच नको. केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीची कमाल मर्यादा ताशी 100 किलोमीटर आणि इतर साध्या रस्त्यांवर 70. ताशी अडीचशे धावण्यासाठी बनवलेली गाडी मालवणच्या रस्त्यावर कायद्याने सत्तरच्या वर जाऊ शकत नाही, आणि बैलगाडीच्या वाटेवरून रुंद झालेल्या गावच्या रस्त्यावर तिने सत्तरने जाऊही नये.

यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. प्रवासाचे सुख हे मूलतः सार्वजनिक आहे. रस्ता, पूल, घाट, दिशादर्शक पाटी, गटार ही समाजाने मिळून बांधायची असतात. ती नसतील तर कोणत्याही किमतीचे आसन सुख देऊ शकत नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम 2011 साली सुरू झाले आणि दशक उलटून गेले तरी ते कोकणी माणसाच्या थट्टेचा विषय राहिले. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला, तेव्हा दोन एसटी गाड्या आणि खाजगी वाहने प्रवाशांसह एकाच प्रवाहात वाहून गेली. पुलाने कोणाची गाडी किती किमतीची हे विचारले नाही.

सुखाच्या प्रश्नाला समाजवाद्यांनी एकदा प्रत्यक्ष उत्तर दिले आहे, आणि ते उत्तर मालवणच्याच मातीशी नाते सांगते. मालवणचा भाग ज्यात होता त्या राजापूर मतदारसंघाचे प्रतिनिधी, प्रथम बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्यानंतर 1971 ते 1991 प्रा. मधु दंडवते. 1977 साली दंडवते रेल्वेमंत्री झाले, तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात लाकडी फळ्या होत्या. लाखो माणसे त्या फळ्यांवर रात्री काढीत. दंडवत्यांनी त्या फळ्यांवर दोन इंचांच्या फोमच्या गाद्या बसवण्याचा निर्णय घेतला. 26 डिसेंबर 1977 रोजी मुंबई-हावडा मार्गावर गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली ती वर्गविहीन गाडी म्हणून. तिला पहिला वर्गच नव्हता.

या निर्णयाचे मर्म कार्यकर्त्यांनी नीट ओळखले पाहिजे. त्यात कोणाची गादी काढून घेतलेली नाही. वर बसलेल्याला खाली ओढण्याचा आनंद त्यात नाही. खाली बसलेल्याला वर उचलण्याचा विचार आहे. सुख ही भोगवादी वस्तू म्हणून दंडवत्यांनी तिचा तिरस्कार केला नाही. उलट, सुख ही इतकी चांगली गोष्ट आहे की ती सर्वांना मिळाली पाहिजे, असे त्यांनी मानले आणि मंत्रालयातील फाइलीवर तसे करून दाखवले. परवडणारे आणि सुखद वाहन कोणते, या प्रश्नाचे याहून प्रामाणिक उत्तर स्वतंत्र भारतात क्वचितच कोणी दिले असेल. कोकण रेल्वेचा इतिहासही तोच आहे. नाथ पै यांनी तिची मागणी लावून धरली, दंडवत्यांनी ती पुढे नेली, 1990 साली जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना तिचे महामंडळ स्थापन झाले आणि 26 जानेवारी 1998 रोजी 741 किलोमीटरचा मार्ग प्रवाशांसाठी पूर्णपणे खुला झाला. दऱ्याखोऱ्यांतून जाणारी ती सफर कोणत्याही उघड्या छताच्या गाडीतील सफरीहून कमी रम्य नाही.

कोणाची फुरसत?

तिसरी कसोटी फुरसतीची, आणि येथेच या हौसेचे खरे वर्गस्वरूप उघडे पडते. सिंधुदुर्ग हा 1997 साली देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून मालवणच्या किनाऱ्यावरील रविवार हा सुटीचा दिवस राहिलेला नाही. तो कामाचा सर्वांत कष्टाचा दिवस आहे. सोलकढी वाटणारी, मासे साफ करणारी, खोल्या झाडणारी, होड्या ढकलणारी, पर्यटकांच्या गाड्या हाकणारी माणसे रविवारीच अधिक राबतात. लोखंड्यांनी मिळवलेली सुटी मुंबईकर येथे येऊन उपभोगतो आणि ती उपभोगता यावी म्हणून मालवणचा माणूस आपली सुटी सोडून देतो. दुसऱ्या कोणत्या दिवशी त्याला ती भरून मिळते काय, याची चौकशी पर्यटनाच्या कोणत्याही आराखड्यात आढळत नाही.

मुंबईकडील कामगाराची स्थितीही वेगळी नाही. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. आठवड्याची 48 तासांची मर्यादा कायम आहे असे सांगण्यात येते; परंतु ज्या कामगाराची संघटना नाही, त्याच्या बाबतीत कागदावरची मर्यादा कोण पाळतो, हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको. फुरसतीची अशी लूट एका बाजूला चालू असता, दुसऱ्या बाजूला फुरसतीच्या गाडीची निवड हा मासिकांचा आणि जाहिरातींचा जिव्हाळ्याचा विषय व्हावा, यात योगायोग काहीच नाही.

किनाऱ्यावर काय घडते तेही पाहिले पाहिजे. तारकर्लीहून देवबागकडे जाणारी भूमी म्हणजे एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला कर्लीचे पात्र असलेली चिंचोळी पट्टी. तीवरचा रस्ता गावकऱ्यांचा एकमेव रस्ता आहे. शाळेची मुले, रुग्ण, बर्फाची गाडी, सारे त्याच वाटेने जातात. स्पोर्ट्स कार निदान वाळूत उतरू शकत नाही, एवढा तिचा उपकार. तिची दणकट भावंडे, चारही चाकांना जोर असलेल्या उघड्या जीपगाड्या, मौजेखातर थेट पुळणीवर धावतात. पर्यटकाला ती मोकळी वाळू दिसते. रापणकरांना ते कामाचे ठिकाण आहे. जाळे तेथेच ओढले जाते, दोर तेथेच पसरतो, मासळीचे वाटे तेथेच पडतात. वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर समुद्री कासवे अंडी घालतात. चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्यांत नुकती बाहेर पडलेली पिल्ले अडकून पडतात. कारखान्याच्या कामशाळेत कोणी मोटारीची शर्यत लावली तर मालक पोलिसांना बोलावील. रापणकराच्या कामशाळेत ती लावली तर तिला पर्यटन म्हणतात.

या विषमतेचे सर्वांत बोलके चित्र गणेशोत्सवात दिसते. चाकरमान्याची वर्षातील खरी सफर तीच. त्यासाठी तो आरक्षण मिळाले नाही तर साध्या डब्यात उभ्याने, दाराशी लोंबकळत, रात्रभर प्रवास करतो. ऑगस्ट 2025 मध्ये कोकण रेल्वेने गणेशोत्सवासाठी कोलाड ते वेर्णा अशी खाजगी मोटारी वाहून नेणारी गाडी सुरू केली. सिंधुदुर्गातील नांदगाव रोड येथेही तिला थांबा देण्यात आला. कोलाड-वेर्णा प्रवासाला एका मोटारीचे भाडे 7,875 रुपये. एका फेरीत जास्तीत जास्त 40 मोटारी, एका मोटारीमागे जास्तीत जास्त तीन माणसे. म्हणजे पूर्ण भरलेल्या गाडीने 120 माणसांची सोय. एका साध्या अनारक्षित डब्यात सुमारे 90 आसने असतात आणि सणाच्या दिवसांत त्यात दुप्पट माणसे कोंबलेली असतात. एका डब्याचे काम अख्ख्या गाडीला देणारी ही योजना, ज्या मार्गावर फळीला गादी लावणाऱ्या माणसाने आयुष्य वेचले त्याच मार्गावर राबवली गेली. मोटारमालकांनीच तिला फारसा प्रतिसाद दिला नाही, हा भाग निराळा.

आक्षेपांचा विचार

या विवेचनावर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की जुनी गाडी घेणे म्हणजे वस्तूचा पुनर्वापर, आणि तो नवी गाडी घेण्यापेक्षा चांगला. ज्याला गाडीची गरजच आहे त्याच्या बाबतीत हे खरे आहे, आणि ते मान्य केले पाहिजे. परंतु घरात एक गाडी असताना मौजेसाठी घेतलेली दुसरी जुनी गाडी कोणत्याही नव्या गाडीची जागा घेत नाही. उलट, जुन्या गाडीला चांगला भाव मिळतो या खात्रीवरच पहिला मालक नवी महाग गाडी निर्धास्तपणे घेतो. जुना बाजार हा नव्या बाजाराचा टेकू आहे.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. पर्यटकांच्या गाड्या थांबल्या तर मालवणचे खानावळवाले आणि न्याहारी-निवास चालवणारी कुटुंबे खाणार काय? हा आक्षेप कळकळीचा असेल तर त्याचे गणित उलट आहे. दोन आसनांच्या गाडीतून दोन माणसे येतात, एक खोली घेतात आणि दोन ताटे जेवतात. एसटीच्या एका गाडीतून चाळीस माणसे उतरतात. स्पोर्ट्स कार एका लिटर पेट्रोलमध्ये आठ-दहा किलोमीटर दोघांना नेते. एसटी एका लिटर डिझेलमध्ये चार-पाच किलोमीटर चाळीस जणांना नेते. चिंचोळ्या देवबागला गाड्यांसाठी जागा नाही, माणसांसाठी आहे. अधिक माणसे आणि कमी वाहने हेच तेथील पर्यटनाचे किफायतशीर सूत्र होऊ शकते.

तिसरा आक्षेप हेव्याचा. समाजवाद्यांना दुसऱ्याचे सुख पाहवत नाही, असे म्हटले जाईल. दोन इंचांच्या गादीची हकीकत हेच त्याचे उत्तर आहे. ज्याने स्वतः मिळवलेल्या, पूर्ण कर भरलेल्या पैशातून हौस म्हणून गाडी घेतली, ती सांभाळून चालवली, रस्ता आणि वाळू दुसऱ्याची आहे याचे भान ठेवले, त्याच्याशी कोणाचे भांडण असण्याचे कारण नाही. भांडण आहे ते मौजेचे बिल सार्वजनिक तिजोरीवर फाडणाऱ्या व्यवस्थेशी.

कार्यकर्त्यांपुढील काम

केवळ उपहासाने या व्यवस्थेचा केसही वाकडा होणार नाही. मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. कंपनीच्या नावावर घेतलेल्या मोटारीच्या घसाऱ्याला किमतीची कमाल मर्यादा घालावी. 1975 ते 2001 या काळातील तरतूद हा त्याला पुरेसा पूर्वाधार आहे. एसटीवरील प्रवासी कर रद्द करावा. मालवणला रेल्वे नाही. कुडाळ स्थानक सुमारे तीस किलोमीटरवर आहे. तेव्हा कुडाळ, सिंधुदुर्ग आणि कणकवली या स्थानकांवर थांबणाऱ्या प्रत्येक महत्त्वाच्या गाडीला जोडून मालवण, वेंगुर्ले आणि देवगडकडे एसटी सुटली पाहिजे, आणि तिची आसने माणसाने बसावे अशी असली पाहिजेत. रविवारी आणि सणावारी किनाऱ्याला समांतर, उघड्या खिडक्यांच्या, संथ चालणाऱ्या सफरीच्या एसटी गाड्या काढाव्यात. समुद्र पाहत हिंडण्याचा हक्क गाडीमालकाइतकाच गाडी नसलेल्याचाही आहे. गणेशोत्सवात मोटारींच्या आधी माणसांचे डबे वाढवावेत. रापण ओढली जाते आणि कासवे अंडी घालतात त्या पुळणींवर वाहन नेण्यास बंदी असावी आणि ती राबवण्यात ग्रामसभेला व मच्छीमारांना अधिकार असावा. पर्यटन व्यवसायात राबणाऱ्याला आठवड्याची एक सुटी, तिचा पगार धरून, मिळालीच पाहिजे.

यांपैकी एकही मागणी स्वप्नरंजनाची नाही. फळीवर गादी घालणे जितके साधे होते तितक्याच या मागण्या साध्या आहेत; तेव्हाही त्याला पैसा कोठून आणणार, असेच विचारले जात होते. तालुक्या-तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी आपापल्या आगारात जाऊन, रेल्वेच्या वेळापत्रकाशेजारी एसटीचे वेळापत्रक ठेवून, कोणती गाडी चुकते आणि किती माणसे स्थानकावर ताटकळतात याची नोंद करण्यास प्रारंभ करावा. त्या नोंदींचा कागद घेऊन विभाग नियंत्रकांच्या दारात उभे राहिलेले पन्नास प्रवासी हे चंगळवादावरील पन्नास व्याख्यानांपेक्षा अधिक परिणामकारक ठरतील.